उचलून नेलेलं घर

१

सुनावणीच्या आदल्या दिवशी ग्रंथपालांनी वाचनालयाचं सभागृह उघडलं, तेव्हा कोपऱ्यावरचं घर जागेवर नव्हतं.

घर काडेपेटीएवढं होतं. पातळ लाकडाच्या भिंती, पुठ्ठ्याचं लाल छप्पर, दाराशी हिरव्या स्पंजाचं झाड. झाड अजून उभं होतं. घर तेवढं गेलं होतं.

विद्यापीठाला नवं फाटक हवं होतं आणि फाटकापर्यंत जाणारा रस्ता. तो कुठून जाणार हे लोकांना दिसावं म्हणून विद्यापीठानं टेबलभर मोठं मॉडेल करून आठवडाभरासाठी सभागृहात मांडलं होतं. एका बाजूला विद्यापीठाची भिंत, भिंतीला टेकलेली दुकानांची ओळ, आणि समोर घरांची गल्ली. जाहीर नकाशाप्रमाणे दुकानं जाणार होती, घरं राहणार होती. ज्याला हरकत घ्यायची त्यानं उद्याच घ्यायची. रस्त्याच्या आखणीवर पुन्हा सुनावणी होणार नाही, असं नोटिशीत स्वच्छ छापलं होतं.

ग्रंथपाल इतके भिडस्त, की पुस्तक उशिरा आणणाऱ्याचीच माफी मागायचे. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, केराच्या डब्यात पाहिलं, शेवटी ताईंना फोन केला.

ताईंनी उभी हयात एका दैनिकात कोर्ट आणि नगरपालिका या दोन खात्यांच्या बातम्या देण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या गल्लीचं चार पानी पाक्षिक काढत. फुटलेला पाइप, भटकी कुत्री, वसतिगृहातला गोंगाट, असल्या बातम्या. पण नाव चुकलं किंवा तारीख चुकली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. नवा अंक त्याच संध्याकाळी छापायला जाणार होता आणि सकाळी सुनावणीच्या दारात वाटला जाणार होता.

त्या आल्या, चष्मा कपाळावर सरकवून मॉडेलकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि कुलूप कुणी तोडलं का असं विचारलं. तोडलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: ग्रंथपालांकडे, मॉडेल आणणाऱ्या विद्यापीठाच्या इंजिनिअरकडे, आणि रहिवासी समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे नानांकडे. समितीच्या बैठका तिथेच भरत.

काल शेवटी कोण होतं, या प्रश्नावर ग्रंथपालांनी मान खाली घातली. झेरॉक्सवाला होता. वाचनालय बंद होईपर्यंत मॉडेलसमोर उभा होता, आणि जाताना म्हणाला होता की एक दिवस हे खेळणं चुलीत घालीन. इंजिनिअरसाहेबांच्या कानावर ते गेलं होतं. संध्याकाळपर्यंत घर मिळालं नाही तर झेरॉक्सवाल्याच्या नावानं पोलिसात तक्रार द्यायची, असं ते फोनवर सांगून मोकळे झाले होते.

“तक्रार झाली तर पर्यायी गाळा मिळणाऱ्यांतून त्याचं नाव जाईल,” ग्रंथपाल म्हणाले. “त्याची चार माणसं त्या दुकानावर जेवतात हो.”

२

झेरॉक्सवाला कुणाच्या तरी प्रबंधाच्या प्रती काढत होता. यंत्राचा उजेड त्याच्या हनुवटीखालून सरकत होता. ताईंना पाहताच त्यानं हात वर केले आणि झडती घ्या म्हणाला.

आपण तसं बोललो हे त्यानं नाकारलं नाही. बोलायला काय पैसे पडतात, असं वर विचारलं. पहिल्या दिवशी इंजिनिअरनं सगळ्यांसमोर दुकानं एकेक करून चिमटीनं उचलली होती आणि त्या जागी रस्त्याची करडी पट्टी ठेवली होती. दुकानदार उभे राहून बघत होते. तेव्हापासून आपल्याला झोप नाही, असं तो म्हणाला, आणि मग नेहमीप्रमाणे हसला.

“ताई, मला चोरायचंच असतं तर मी माझंच दुकान खिशात घालून नेलं असतं. इतकं हलकं दुकान, भाडं नाही, वीजबिल नाही. अक्कांचं घर नेऊन मी काय करू? त्यांचं कुठे काय जातंय?”

ताईंनाही सकाळपासून तेच खटकत होतं. कोपऱ्यावरचं घर नानांच्या थोरल्या बहिणीचं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे. अक्का एकट्या राहत, शिवणकाम करत. पदवीदान जवळ आलं की विद्यार्थी झगे घेऊन त्यांच्या दारात रांग लावत. नकाशात त्यांच्या घराला धक्का नव्हता. रागानं मॉडेल मोडणारा माणूस वेडावाकडा हात मारतो. शेजारची घरं वाकतात, झाडं पडतात. इथे स्पंजाचं झाडसुद्धा हललं नव्हतं.

अक्कांविषयी झेरॉक्सवाला आणखी एक गोष्ट बोलला. काल त्या कागद घ्यायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी दवाखान्यात असल्यामुळे मॉडेल बघायचं राहिलं, उद्या दुपारी जाऊन स्वतःचं घर बघणार आहे, असं हौसेनं सांगत होत्या. नाना सोबत होते.

“बघणार म्हणजे चाचपणार,” तो म्हणाला. “डोळ्यांनी कुठे दिसतंय त्यांना. माझ्या दुकानातसुद्धा कागद बोटांनी ओळखतात.”

ताई तशाच सभागृहात परतल्या. गल्लीतल्या दुसऱ्या एका घराचं छप्पर त्यांनी चिमटीत धरून वर ओढलं. ते हललं नाही. तिसरं ओढलं, तेही नाही. दुकान ओढलं, ते अलगद हातात आलं. तळाला दोन टाचण्या होत्या.

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. तिथे डिंकाचा डाग नव्हता. टाचण्यांची दोन भोकं होती.

३

इंजिनिअर विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत बसत. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या, खिडकीत वाळलेली कुंडी. तक्रारीचा मसुदा तयार होता. ताईंनी तो वाचला आणि त्यातलं शुद्धलेखन सुधारून परत दिला. मग मॉडेल कसं करतात ते विचारलं.

इंजिनिअरांनी आनंदानं सांगितलं. मॉडेल नुसतं दाखवायला नसतं, काम करायला असतं. जे राहणार ते चिकटवायचं. जे जाणार ते टाचण्यांवर उभं करायचं, म्हणजे बैठकीत उचलून दाखवता येतं. जगभर असंच करतात.

“मग अक्कांचं घर टाचण्यांवर का होतं?”

इंजिनिअरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. रस्त्याचे दोन टप्पे आहेत, असं ते जरा वेळानं म्हणाले. जाहीर नकाशा पहिल्या टप्प्याचा आहे. दुसऱ्या टप्प्यात रस्ता गल्लीच्या तोंडाशी वळतो, आणि वळणाला जागा लागते. ते व्हायला दोन वर्षं आहेत. आखणी मात्र एकच; उद्या मंजूर झाली की दोन्ही टप्प्यांना लागू. यात बेकायदा काही नाही. मोठा नकाशा कार्यालयात ठेवलेला आहे, कुणीही येऊन पाहावा.

“कुणी पाहिला?”

“ज्यांनी पाहायला हवा त्यांनी पाहिला. समितीशी बोलणं झालेलं आहे.”

ताईंनी समिती म्हणजे कोण ते विचारलं नाही. तेवढं त्यांना माहीत होतं. त्या एकच हिशेब मनात जुळवत होत्या. घर जाणार हे लपवायचं इंजिनिअरांनाही असेल. पण मॉडेल त्यांचं, डिंक त्यांचा, माणसं त्यांची. त्यांनी घराला तळातून दोन थेंब लावले असते आणि काम झालं असतं. घर उचलून नेऊन बोभाटा कशाला करतील? ज्याच्याकडे डिंक लावायला ना मुभा होती, ना सवड, आणि ज्याला उद्याच्या सुनावणीची नव्हे तर आजच्या दुपारची भीती होती, त्यानं ते नेलं होतं.

आज दुपारी अक्का येणार होत्या. त्यांची बोटं छपरावरून फिरली असती. शेजारची घरं घट्ट आणि आपलं तेवढं हातात येतंय, हे त्यांना कळायला पुढचं काही सांगावं लागलं नसतं.

४

अक्का मशीनवर बसल्या होत्या. काळ्या झग्याची बाही सुईखालून सरकत होती आणि त्यांची नजर भलतीकडेच होती. बोटंच कापडाला वाट दाखवत होती. त्या फार वाळल्या होत्या. ब्लाउजच्या बाह्यांमध्ये हात काठ्यांसारखे दिसत होते.

“ये ग,” त्या म्हणाल्या. “पाक्षिकात माझं वय छापू नकोस म्हणजे झालं.”

ताई बसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. ही मुलं झगा भाड्यानं आणतात आणि आई-वडिलांसमोर नीट दिसावा म्हणून कमरेत टीप घालून घेतात, परत करताना उसवायलाही इथेच येतात, असं अक्का सांगत होत्या. घर बांधलं तेव्हा समोर नुसतं माळरान होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, नाना शाळेत होता. याच मशीनवर त्याचं शिक्षण झालं. सरकारी मोजणी खात्यात लागला तेव्हा पहिल्यांदा पट्टी घेऊन हेच घर मोजायला आला होता. हे सांगताना त्यांना हसू आलं आणि हसताना खोकला आला.

ताईंनी विचारलं, आज दुपारी मॉडेल बघायला येताय ना?

“कसली येते. मोडलंय म्हणे ते. नाना सांगून गेला, उगाच हेलपाटा घालू नकोस.”

“कधी सांगून गेले?”

“सकाळी फिरायला जातो ना, तेव्हाच. मी दूध तापवत होते. चहासुद्धा घेतला नाही त्यानं.”

दूध तापवायच्या वेळी वाचनालयाला कुलूप होतं. ग्रंथपालांनी ते उघडलं बऱ्याच वेळानंतर. मॉडेलचं काही झालंय हे तोवर एकाच माणसाला ठाऊक असणं शक्य होतं.

अक्कांनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, “का ग? तुझा आवाज असा का झालाय?”

५

नाना घरी एकटेच होते. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी आणलं. ताईंनी पाणी घेतलं नाही. सगळं एकदा सांगितलं, बातमी सांगावी तसं: काय, कुठे, कधी, कुणी. आवाज चढवला नाही.

नानांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उघडला. आत लाल छपराचं घर होतं. खालच्या टाचण्या कापडात अडकल्या होत्या.

ते म्हणाले की इंजिनिअरांनी त्यांच्यापुढे दोन रेघा ठेवल्या होत्या. एक रेघ गल्लीच्या मधून जात होती. तिच्यात लेकराबाळांची चार घरं जात होती. दुसरी कोपऱ्यावरून वळत होती, तिच्यात एकच. तेही दोन वर्षांनी. मोजणी खात्यात जन्म काढलेल्या माणसाला दुसरी रेघ बरोबर दिसली. ती त्यांनी मान्य केली. पहिल्या दिवशी मॉडेलला हात लावला तेव्हा घर डुगडुगलं. चिकटवून टाका म्हणून त्यांनी विनवलं, पण दुसऱ्या टप्प्याला हेच मॉडेल लागेल असं इंजिनिअर म्हणाले. काल अक्का हौसेनं येणार म्हणाल्या तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

“तिला विचारलं का नाही?” ताईंनी विचारलं. “तिनं कदाचित हो म्हटलं असतं. चार घरांसाठी ती हो म्हणेल अशी बाई आहे.”

नानांनी घराचं छप्पर अंगठ्यानं पुसलं.

“डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय,” ते म्हणाले. “तिला नाही, मला बोलावून. तिला वाटतं औषधानं उतार पडतोय. घराचं सांगायला गेलो तर ती विचारणार, मग मी कुठे जाऊ? मी काय उत्तर देऊ? तुला कुठे जावं लागणार नाही, असं सांगू?”

पंखा फिरत होता. रस्त्यावरून मुलांचा घोळका हसत गेला.

“मी तिच्या मरणाची तारीख धरून रस्ता मंजूर केला, ताई. हे तोंडानं कसं सांगायचं?”

ताई आल्या होत्या घर चोरणाऱ्याला पकडायला, आणि हातात भलतंच आलं होतं. बातमी छापली तर अक्कांना उद्या सकाळी दारात अंक मिळणार, कुणीतरी वाचून दाखवणार. नाही छापली तर झेरॉक्सवाला अडकणार, आणि उद्यानंतर अक्कांना हरकत घेता येणार नाही. झेरॉक्सवाल्याचं नानांनी लगेच सोडवलं. फोन उचलून इंजिनिअरांना सांगितलं की घर माझ्याकडे आहे, मीच नेलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि पलीकडून कुणी विचारलंही नाही.

फोन ठेवून ते ताईंकडे बघत राहिले. बाकीचं राहू द्या, असं ते म्हणाले नाहीत. पण तेच विचारत होते.

“घर तिचं आहे, नाना,” ताई म्हणाल्या. “आणि ते वर्षही तिचंच आहे.”

अंक संध्याकाळी जाणार होता. तोवर अक्कांना तुमच्या तोंडून कळू द्या, एवढं सांगून त्या उठल्या. दारापर्यंत गेल्यावर नाना मागून म्हणाले, तुम्ही बरोबर चला. नुसत्या बसा.

६

ऊन उतरलं होतं. अक्कांनी झगा घडी घालून ठेवला होता आणि त्या सांडलेली बटणं चाचपून डबीत टाकत होत्या. नाना खाली जमिनीवर बसले, लहानपणी बसत असतील तसे, मशीनच्या पेडलजवळ. ताई उंबऱ्याजवळच्या स्टुलावर टेकल्या.

नानांनी आधी रस्त्याचं सांगितलं. दोन रेघा, चार घरं, एक घर. अक्का ऐकत होत्या. त्यांची बोटं बटणांत थांबली होती. मग त्यांनी विचारलं, दोन वर्षांनी मी कुठे जायचं ठरवलंस? तुझ्याकडे?

नानांनी मान हलवली. हो की नाही, ते त्या अंधुक उजेडात ताईंनाही कळलं नाही, मग अक्कांना कुठून कळणार. खोलीत शांतता होती. ती जरा जास्त लांबली आणि त्या लांबण्यातच अक्कांना उत्तर मिळालं. त्यांनी बटणांची डबी बंद केली. तिचं झाकण बसेना. दोनदा दाबून बसवलं.

“किती म्हणाले डॉक्टर?”

नानांनी सांगितलं.

अक्कांनी आपल्या भिंतीकडे तोंड केलं. पाहायला नव्हे, भिंत तिथे आहे म्हणून. त्या रडल्या नाहीत. नाना रडत होते, आवाज न करता, आणि अक्कांचा हात सवयीनं त्यांच्या डोक्याकडे गेला. तो वाटेतच थांबला. त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

“आणि मी नाही मेले तर?” त्यांनी विचारलं.

बाहेर दुकानदार शटर अर्धं ओढून एकमेकांशी उद्याबद्दल बोलत होते.

“चार घरांचं मला विचारलं असतंस, तर मी दिलं असतं,” अक्का म्हणाल्या. “रडत दिलं असतं, पण दिलं असतं. आता नाही देणार. मला वर पाठवून मग घर मागायला आलास तू.” त्या दमल्या. श्वास घेऊन म्हणाल्या, “ताई, उद्या मला न्यायला ये. त्याला नको पाठवू.”

७

अंकात दुसऱ्या टप्प्याची बातमी पहिल्या पानावर आली. तिच्यात रस्ता होता, वळण होतं, एकाच सुनावणीचा नियम होता. मॉडेलमधलं घर कुणी नेलं हे होतं. का नेलं हे नव्हतं. उभ्या हयातीत ताईंनी कारण हाती असून न दिलेली ती एकच बातमी.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. झेरॉक्सवाला मागच्या भिंतीला टेकून उभा होता. अक्का आल्या तेव्हा त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली. अधिकाऱ्यांनी हरकतीचं कारण विचारलं. अक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी इथे राहते. अधिकारी थांबले, पुढचं ऐकायला. पुढचं काही नव्हतं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

कोपरा राहिला तर रेघ कुठे सरकणार, हे आता सगळ्यांना माहीत होतं. चार घरांतली माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती. अक्का परत जाताना त्यांनी वाट दिली, पण कुणी हात दिला नाही. त्यातली एक सून गेली कित्येक वर्षं पोरींचे फ्रॉक अक्कांकडे शिवून घेई. त्यानंतर ती आली नाही. तिचीही चूक म्हणता येत नव्हती.

नानांनी अध्यक्षपद सोडलं. दुसरा टप्पा फेरविचारासाठी परत गेला आणि तसल्या गोष्टी जिथे जाऊन बसतात तिथे बसला. दुकानं मात्र गेली. झेरॉक्सवाल्याला मागच्या गल्लीत गाळा मिळाला.

अक्का डॉक्टरांनी सांगितलेल्या वर्षाच्या पुढे जगल्या. दोन वर्षांच्याही पुढे. शेवटी झग्याची बाही धरवेना तेव्हा बटणं लावून देत. नाना रोज येत. दूध आणून देत, औषधं आणत, पायाला तेल लावून देत. अक्का दार उघडत, चहा करत, भावाच्या तब्येतीची, नातवंडांची, गुडघ्यांची चौकशी करत.

नाना सगळ्याची उत्तरं देत. त्यांनी मात्र उलट कधी विचारलं नाही. कशी आहेस, एवढंच विचारायचं असे. सगळे भाऊ सगळ्या बहिणींना विचारतात तेवढंच. ते त्यांच्या ओठांपर्यंत येई. मग अक्का चहाचा कप त्यांच्या हातात ठेवत, आणि दोघंही गरम चहा घाईघाईनं पीत.